गावची तालीम की पुणं?

भाचा नववीत, शालेय कुस्तीत जिल्ह्यात पहिला आला. दाजी विचारतायत, गावातच ठेवू की पुण्याला धाडू?

खर्चाचं सरळ आहे. गावात दूध-तूप घरचं, पुण्यात खोलीपासून बदामापर्यंत सगळं विकत.

खरा फरक सरावात. शालेय कुस्त्या मॅटवर होतात, गावच्या तालमीत सराव मातीत. मातीत चितपट मारणारं पोरगं तिथं एकेरी पटाला, म्हणजे एक पाय धरून पाडायच्या डावाला, पाय देऊन बसतं. फ्रीस्टाईलमध्ये, म्हणजे पायही धरता येतात त्या प्रकारात, समोरच्यानं १० गुणांची आघाडी घेतली की कुस्ती संपली. गावात त्याच्या वजनाचा जोडीदारही नाही, पुण्यात ढीगभर. बीडकडच्या पाटोद्याचा पैलवान राहुल आवारे, २०१८ चा राष्ट्रकुल सुवर्णविजेता, पुण्यातच घडला.

दहावी आणि जत्रेची मैदानं सांभाळायची तर गाव उत्तम. राज्याचं पदकच हवं आणि ऐपत असेल, तर पुणं. पण दाजी, दहावीनंतर. तोवर जवळपास जिथं मॅट असेल तिथं न्या.