मराठी टायपिंगसाठी जीबोर्ड की हेलीबोर्ड?

नवा कीबोर्ड चालू करताना अँड्रॉइड बजावतो: पासवर्डसकट टाइप केलेलं सगळं हे अ‍ॅप गोळा करू शकतं. हा इशारा गूगलचा जीबोर्ड आणि हेलीबोर्ड, या दोन्ही कीबोर्डना लागू. खरा फरक इंटरनेटच्या परवानगीत आहे. हेलीबोर्ड ती मागतच नाही, त्यामुळे अक्षरं थेट बाहेर धाडायची सोयच त्याच्याकडे नाही. जीबोर्डकडे ती आहे. मूळ मजकूर फोनवरच ठेवून शिकायची पद्धत गूगलने २०१७ मध्ये जाहीर केली खरी, पण तिथे गूगलच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. निदान जीबोर्डच्या सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत जाऊन वापराची आकडेवारी पाठवणं बंद करा.

हेलीबोर्ड एफ-ड्रॉइड या अ‍ॅपच्या भांडारावर मिळतो. अडचण एकच, पण मोठी: रोमनमध्ये ‘namaskar’ लिहून ‘नमस्कार’ मिळत नाही, थेट देवनागरी कळा शोधाव्या लागतात. ज्या फोनवर बँकेचे व्यवहार करता, तिथे तरी हेलीबोर्डच बरा.