विषयवार विभागांचं वाचनालय : काही महिने वापरल्यावर

देवघेव, संदर्भ, नियतकालिकं ही जुनी मांडणी मोडून विषयवार विभाग केले की अभ्यासूंची खरंच सोय होते. शेतीचं पुस्तक, शेतीचा कोश आणि शेतीचं मासिक एकाच खोलीत हाताशी येतं. क्लीव्हलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयाची १९२५ची इमारत अशाच विभागांची आहे. नाशिकमध्ये मात्र ही मांडणी इथल्या वाचकाच्या मापानं कापून घ्यावी लागते.

द्राक्षंच घ्या. ड्यूई वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार वर्गांक देण्याच्या पद्धतीत, लागवड ६३४.८ला, वाइननिर्मिती ६६३.२ला आणि शेतमालाचं अर्थकारण ३३८.१ला. वर्गांकाबरहुकूम विभाग पाडले तर निफाडहून आलेल्या बागायतदाराला जिने चढउतार करावे लागतात. यावर उपाय आहे : वर्गांक बदलायचा नाही, फक्त ठिकाण बदलायचं. कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत प्रत्येक प्रतीच्या नोंदीत ठिकाणाचा स्वतंत्र रकाना असतो. बारकोड स्कॅन करून शेकडो प्रतींचं ठिकाण एकदम बदलता येतं. पुस्तकाच्या कण्यावर वर्गांकाच्या वर विभागाची रंगीत पट्टी हवीच. ती नसेल तर परत आलेलं पुस्तक नुसता आकडा बघून जुन्या कपाटात जातं आणि तालिकेत (पुस्तकांच्या यादीत) असूनही सापडत नाही.

कादंबऱ्यांना विभागांचा काही उपयोग नाही. सगळ्या मराठी कादंबऱ्या ८९१.४६३लाच येतात, त्यामुळे त्या लेखकाच्या आडनावानुसार, तळमजल्यावर, दाराजवळ लावाव्यात. दिवाळी अंकही तिथेच. नियम म्हणून ते नियतकालिकांत बसतात, पण वाचक ते कथा-कादंबरीसारखे घरी नेतात. विश्वकोशाचे खंड विषयवार वाटू नयेत, संच फुटतो.

हलवाहलवीआधी ग्रंथगणना उरकावी आणि फळ्या मोजाव्यात. ९० सेंटीमीटरच्या फळीवर तीसेक पुस्तकं बसतात. तरी पाव फळी मोकळी ठेवावी, नाहीतर नवी खरेदी आली की अख्खं कपाट सरकवावं लागतं.

सर्वांत जास्त अडतं ते माणसांवर. साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची पाळी धरली तर चार कर्मचाऱ्यांत दोनच विभाग नीट चालतात. म्हणून देवघेव एकाच खिडकीवर ठेवावी आणि विभागात विषय जाणणारा माणूस बसवावा. स्पर्धा परीक्षांच्या मुलांना वेगळी अभ्यासिका आधी द्यावी. त्यांना पुस्तकांपेक्षा दिवसभर टेबल हवं असतं, आणि ते विभागांत बसले की संदर्भ बघायला आलेल्याला उभ्यानंच वाचावं लागतं.