आमचाच डायनामो आम्हालाच १४,००० ला

सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची, १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. ऑगस्टमध्ये अप्पांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. कार्यालयात त्यांना त्यांच्याच गाडीतून न्यायचं ठरलं, म्हणून आधी तिला रंग दिला. रंग झक्क झाला आणि महिन्याभरात गाडीने सेल्फ घेणं सोडलं.

चावी फिरवली की नुसतं टक. कधी तिसऱ्या-चौथ्या वेळी सुरू व्हायची, कधी वॉचमन आणि पेपरवाला मिळून धक्का मारायचे. चालताना डायनामोचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, लाल दिवाही अधूनमधून लुकलुकायचा. टक होताना हेडलाइट मात्र जराही मंद व्हायचे नाहीत आणि हॉर्न खणखणीत वाजायचा. हे मला तेव्हाही दिसत होतं, त्याचा अर्थ कळत नव्हता.

सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूचं एक गॅरेज कुणीतरी सुचवलं. बाहेर दोन जुन्या गाड्या चकचकीत करून ठेवलेल्या, आत गणपतीसमोर अगरबत्ती, मालक तोंडाचा गोड. बॉनेट उघडल्या उघडल्या म्हणाला, "ताई, ही विंटेज आहे. हिला साध्या वायरमनचा हात लावू देऊ नका." विंटेज हा शब्द त्याने पहिल्या दहा मिनिटांत सहा-सात वेळा वापरला असेल. सरकारी नियमाप्रमाणे विंटेज म्हणायला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटावी लागतात, म्हणजे आमची गाडी अजून त्यात बसतच नाही. पण कौतुक ऐकायला कोणाला आवडत नाही?

पहिला निकाल बॅटरीचा: ६,८०० रुपये. जुनी बॅटरी १४ महिन्यांची होती, वॉरंटी कार्ड घरात ड्रॉवरमध्ये. मी तसं म्हटलं, तर "जुन्या डायनामोने खाल्ली ती, वॉरंटीत बसत नाही." बॅटरीच्या दुकानात जुनी दिली की तिचे पैसे वजा करतात. इथे जुनीही गेली आणि पैसेही वजा झाले नाहीत. नव्या बॅटरीवर गाडी नऊ दिवस नीट चालली.

मग डायनामो. त्याने काळं ठिक्कर पडलेलं एक आर्मेचर, म्हणजे डायनामोच्या आत फिरणारा तारेचा गाभा, माझ्या हातात ठेवलं. जळक्या व्हार्निशचा वास येत होता. "बघा, तुमच्या डायनामोतलं." माझ्यासमोर काही उघडलं नव्हतं, पण तो वास इतका खरा होता की मी विचारलंच नाही. नवा डायनामो १४,०००. काळा कुळकुळीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत आला. जुना परत मागितला तर म्हणे एक्स्चेंजमध्ये गेला. त्यानंतर कटआउट (डायनामो आणि बॅटरीच्या मधला डबा) २,८००, त्यानंतर सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, ९,५००. प्रत्येक वेळी गाडी काही दिवस नीट चालायची, कारण प्रत्येक वेळी चार नट-बोल्ट हलवले जायचे. हे कारण मला फार उशिरा कळलं.

एक कबुली देते. ह्या सगळ्यात त्याने एकदाही माझ्यासमोर मीटर लावला नाही, आणि मीही एकदाही "किती व्होल्ट आले?" असं विचारलं नाही. बँकेत २२ वर्षं काढलेली बाई मी, व्हाउचरशिवाय कोणाला शंभर रुपये दिले नाहीत. इथे मात्र "एस्टिमेट" छापलेल्या पॅडच्या कागदावर हजारो दिले.

शेवटी आलं वायरिंग. "पूर्ण हार्नेस, वायरींचा अख्खा जुडगा, बदलावा लागेल, इटलीहून येतो, ३८,०००, निम्मे आगाऊ." मी त्यातले १५,००० यूपीआयने पाठवले आणि रात्री झोप येईना. इटलीहून? ही गाडी कुर्ल्याला बनलेली. जिच्यावरून ही बनली ती मूळ फियाट इटलीची, हे खरं. पण मुंबईत ह्याच गाड्या टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावत होत्या, त्या टॅक्सीवाल्यांना वायरी कोण इटलीहून पाठवत होतं?

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून नाना पेठेत गेले. स्पेअरच्या दुकानात फियाटच्या वायरिंगचा भाव विचारला. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "इटलीचं म्हणाला का?" म्हणजे मी पहिली नव्हते. वायरिंग इथेच हाताने बांधून मिळतं, म्हणाला, पण आधी बिघाड बघा, आणि मागच्या बोळातल्या चाचांकडे पाठवलं. चाचा सत्तरीच्या पुढचे, आयुष्यभर डायनामो-सेल्फ भरण्याचं, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळण्याचं, काम केलेले. ते रविवारी घरी आले. अप्पा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर शेजारी.

चाचांनी कुठल्याच पार्टला हात लावला नाही. हेडलाइट लावायला सांगितले, चावी फिरवायला सांगितली. टक. "लाइट पडली का? नाही ना? बॅटरी गेली असती तर लाइट मेली असती. करंट आहे, त्याला परत यायला रस्ता नाही." मग मीटर काढून दोन्ही काड्या माझ्याच हातात दिल्या. एक बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. "आता साहेबांना सेल्फ मारू द्या." आकडा आला ४.२. तिथे शून्याच्या जवळपास यायला हवं, अर्धा व्होल्टसुद्धा जास्त. मग त्यांनी एक जाड जंपर केबल मायनस खांबापासून थेट इंजिनला लावली. अप्पांनी चावी फिरवली आणि इंजिन एका झटक्यात सुरू!

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, म्हणून बॉडीपासून त्याला विणलेल्या तारेची एक पट्टी जोडलेली असते, अर्थिंगची. सेल्फचा सगळा करंट तिच्यातून परतीला जातो. आमच्या पेंटरने ती सोडली, खालच्या जागेवर झक्क रंग मारला आणि पट्टी रंगावरच पुन्हा आवळली. रंगातून करंट कसा जाणार? त्याला वाट मिळेल तिथून तो जायचा. चाचांनी जंपर काढून पुन्हा दोनदा सेल्फ मारायला लावला आणि म्हणाले, "चोकच्या वायरीला बोट लावा." डॅशबोर्डपासून इंजिनपर्यंत जाणारी ती तार तापली होती. बोटभर जाडीचं काम ती पातळ तार करत होती. अजून थोडे दिवस असंच चाललं असतं तर बॉनेटखाली धूर दिसला असता.

पॉलिश पेपरने जागा घासून काढली, नवी पट्टी टाकली: ३५० रुपये पट्टीचे, ५०० चाचांचे.

जाताना त्यांनी अप्पांच्या समाधानासाठी डायनामो खाली उतरवला. अप्पांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही. त्यांनी तो मांडीवर घेतला, खालून बोट फिरवलं आणि एका जागी थांबले. "इथे थिनर लाव." कापसाने पुसल्यावर काळ्या रंगाखालून खिळ्याने खरवडलेला ॐ वर आला, त्याच्या बाजूला ९१. १९९१ मध्ये डायनामो भरायला टाकताना दुकानदाराने बदलू नये म्हणून अप्पांनी स्वतः केलेली खूण. आतलं आर्मेचरही जुनंच, अगदी ठणठणीत. सेल्फचंही काही बदललं नव्हतं, फक्त रंगवला होता. मला दाखवलेलं जळकं आर्मेचर कोणाचं होतं, देव जाणे.

अप्पा रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "रंग तरी बरा दिलाय."

गॅरेजचा एकूण हिशेब ४८,१००, त्यातली उपयोगाची वस्तू म्हणाल तर एक नवी बॅटरी. गॅरेजवाल्याला डायनामोचे फोटो पाठवले, तर आधी "पोराची चूक झाली", मग फोन बंद. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. त्यानंतर आगाऊमधले १०,००० त्याने परत पाठवले. बाकीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. दोन वर्षांच्या आत द्यावी लागते, आणि एवढ्या रकमेला फी नाही. पक्कं बिल नाही म्हणून मी आधी हिय्या करत नव्हते, पण यूपीआयच्या नोंदी, एस्टिमेटचे कागद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची त्याची "नया डायनामो लगा दिया" ही ओळ एवढं सगळं जोडलं आहे. थिनर मारायच्या आधीचा फोटो काढला नाही, ही चूक झाली. तुमच्यावर वेळ आली तर आधी फोटो काढा, मग पुसा.

सहस्रचंद्रदर्शनाला अप्पा भाड्याच्या गाडीतून गेले, कारण चाचा भेटले ते त्यानंतर. गाडी दुरुस्त झाली त्या संध्याकाळी ते एकटेच पार्किंगमध्ये जाऊन बसले. वरून ऐकू येत होतं: सुरू केली, बंद केली, पुन्हा सुरू केली. पाच-सहा वेळा. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या, तेव्हा कुठे वर आले.