गणिताची शिकवणी कुणाकडे लावावी?

ताईला लेकीसाठी गणिताची शिकवणी लावायचीय, पण दोघांत अडलंय. एक सर आयुष्यभर दहावीच घेत आलेले. दुसरे आधी यंत्रमागावर, मग बँकेत, आता शिकवणीत.

फी जवळपास सारखीच. पेपरचा सराव, मांडणीचे गुण यांत पहिले सर सरस.

गोडी लावण्यात मात्र दुसरे. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डवर, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्रावर पडते; त्याचं पंचकार्डच, म्हणजे छिद्रं पाडलेलं पुठ्ठ्याचं कार्डच, ते मुलांच्या हातात देतात. छिद्र असेल तिथे उभा धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. छिद्र म्हणजे १, कोरी जागा ०. पोरं बोट फिरवत द्विमान पद्धती, म्हणजे फक्त ० आणि १ नी संख्या लिहायची पद्धत, वाचू लागतात! चक्रवाढ व्याज तर ठेवीच्या पावतीवरूनच.

दहावी तोंडावर असेल तर पहिले सर. आठवीतली पोर गणिताचं नाव काढताच उठून जात असेल, तर दुसरेच.