सुटीसाठी रत्नागिरी शहर : एका सोलापूरकराचा अभिप्राय

सोलापुरातून समुद्राकडे जायचे ठरले, की बहुतेक कुटुंबे थेट गणपतीपुळे किंवा गोवा गाठतात आणि रत्नागिरी शहर वाटेत जेवणापुरते उरते. आम्ही मात्र डिसेंबरात मंगळवेढा, मिरज, कोल्हापूर असा साडेतीनशे किलोमीटरांहून थोडा अधिक प्रवास करून, आंबा घाट उतरून, तीन दिवस रत्नागिरीतच मुक्काम केला. सोबत लहान मुले आणि वयस्कर आईवडील असतील, तर आधी या शहराचा विचार करावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

रत्नागिरी हे आजही राबते बंदर आहे. पहाटे मिरकरवाड्याच्या जेटीवर होड्या लागतात, बांगडा, सुरमई, कोळंबी यांच्या टोपल्या उतरतात आणि लिलावाचा पुकारा सुरू होतो. मासा म्हणजे उजनीची चिलापी, एवढीच ओळख असलेली माझी मुले तासभर तेथून हलायला तयार नव्हती. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे हे दृश्य पाहायचे असेल तर तो काळ टाळावा.

तिन्ही बाजूंनी समुद्र असलेला रत्नदुर्ग आईवडिलांनाही सावकाश पाहता आला. तटावरून बंदरातील होड्या दिसतात आणि बालेकिल्ल्यातील भगवतीच्या देवळात निवांत बसता येते. मांडवीची वाळू काळी, तर जवळच असलेल्या पांढऱ्या समुद्राची पांढरी. मुलांनी दोन्हीकडची मूठमूठभर वाळू रुमालात बांधून घरी आणली. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच नजरकैदेत होता. त्याचा राजवाडा तासाभरात पाहून होतो. संध्याकाळी फिरण्यासाठी मला काजळी नदीच्या मुखाजवळचा, सुरूच्या झाडांचा भाट्ये किनारा सर्वांत आवडला.

एक गोष्ट मात्र अत्यंत गांभीर्याने सांगावीशी वाटते. आपल्याकडे मुले विहिरीत पोहायला शिकतात आणि उत्तम पोहतातही. परंतु विहिरीतले पाणी पोहणाऱ्याला ओढून नेत नाही, तर समुद्रात परतणारी लाट गुडघाभर पाण्यातही पायाखालची वाळू काढून घेते. गणपतीपुळे आणि आरे-वारे येथे पर्यटक बुडाल्याच्या घटना घडल्या आहेत. भरती-ओहोटीची वेळ स्थानिकांना विचारल्याशिवाय आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्यात उतरू नये. एका किनाऱ्यावर जलक्रीडा चालवणाऱ्याने आम्हाला दिलेल्या लाइफ जॅकेटांपैकी दोघांचे पट्टे तुटलेले होते. बदलून मागितल्यावर त्याने टाळाटाळ केली, तेव्हा आम्ही बोटीत न बसताच परतलो. पट्टा स्वतः ओढून पाहिल्याशिवाय मुलांना बोटीत बसवू नका.

मुक्कामाची खोली साधी पण स्वच्छ होती. प्रवासासाठी नेलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी आंबा घाटाआधीच संपली. पुढे तीन दिवस तांदळाची भाकरी, बांगड्याचे तिखले आणि सोलकढी यांवर आम्ही आणि मुले तृप्त होतो. आईवडील शाकाहारी असल्याने त्यांच्यासाठी उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागले. हापूससाठी मे महिन्यात जाण्याचा मोह होईल. पण आपल्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्या वृद्धांना तेथील दमट उकाडा सोसवत नाही, म्हणून त्यांना सोबत नेणाऱ्यांनी डिसेंबर किंवा जानेवारीच निवडावा.