लाल शेवाळ: पावडर, अंधार की नळी?

समुद्री माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये सकाळी दिवे लागायच्या आधी वाळू बऱ्यापैकी पांढरी दिसते. दुपारी तीनपर्यंत तिच्यावर वांग्याच्या रंगाची साय धरलेली असते आणि सायीखाली मोहरीएवढे बुडबुडे अडकलेले असतात. हे ज्याच्या घरी चाललंय त्याला सायनो (सायनोबॅक्टेरिया, म्हणजे लाल शेवाळ म्हणतात ते जीवाणू) म्हणजे काय हे मी सांगायला नको. त्याला फक्त एवढंच हवं असतं की आता करू काय: पावडर टाकू, तीन दिवस अंधार करू, की नळीने साय ओढून काढत बसू? गेल्या चार वर्षांत माझं तिन्ही करून झालंय. त्यामुळे खाली जे लिहितोय ते एका टँकच्या अनुभवावर. तीन फुटी टँक, खाली संप (फिल्टरची टाकी), खडक वजा जाता पाणी १९० लिटरच्या आसपास; क्लाउन माशांची जोडी, एक रॉयल ग्रामा मासा, क्लीनर श्रिंप, आणि झोआ, मशरूम, लेदर अशी सोशिक प्रवाळ मंडळी. तुमच्याकडे अ‍ॅक्रोपोरासारखे नाजूक प्रवाळ असतील तर माझं म्हणणं थोडं सांभाळून घ्या.

एक खात्री मात्र आधी करा. सायनो सायीसारखी सोलून येते, डायनो (डायनोफ्लॅजेलेट, दुसराच सूक्ष्मजीव) शेंबडासारखा लोंबतो. तरीही शंका असेल तर थोडा गाळ टँकच्याच पाण्यात घेऊन बाटलीत जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी काचेच्या ग्लासात तासभर उजेडात ठेवा. पुन्हा तंतू धरून गोळा व्हायला लागलं तर बहुधा डायनो. मग हा लेख तुमच्या कामाचा नाही, कारण तिथे नायट्रेट आणि फॉस्फेट ही पाण्यातली पोषकं बऱ्याचदा शून्याला टेकलेली असतात आणि आपण जितकी सफाई करू तितकं ते फोफावतं.

अंधारापासून सुरुवात करतो, कारण तो फुकट आहे. बहात्तर तास दिवे बंद, टँक चारी बाजूंनी झाकलेला, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन चालू. मीही सगळ्यात आधी तेच केलं. मे महिना होता. घरातली सगळ्यात जाड वस्तू म्हणजे आजीची गोधडी, ती अंथरली टँकवर. दुसऱ्या संध्याकाळी सहज हात घातला तर पाणी कोमट. थर्मामीटर २९.८ दाखवत होता, एरवी २६.५ असतो. माझ्याकडे पाणी थंड करणारा चिलर नाही, पाण्यावर वारा मारणारा पंखा आहे. तो काम करतो बाष्पीभवनावर, आणि मी वरून गोधडी घालून नेमकं तेच बंद केलं होतं. चिलर नसेल तर फक्त काचांना काळा कागद लावा, वरची बाजू उघडी ठेवा आणि खोलीचे पडदे ओढा. खोलीतल्या अंधुक उजेडाने फारसं बिघडत नाही.

बहात्तर तासांनी टँक दुकानातून आणल्यासारखा दिसत होता. लेदर दोन दिवस रुसला, झोआ दुसऱ्याच दिवशी उघडले. अकराव्या दिवशी डाव्या मागच्या कोपऱ्यात रुपयाएवढा जांभळा ठिपका आला आणि तीन आठवड्यांत सगळं जैसे थे. अंधाराला मी वाईट म्हणणार नाही. नळीच्या आधी एकदा अंधार केला तर काम हलकं होतं. पण नुसता अंधार म्हणजे घराला रंग काढून आतली ओल तशीच ठेवणं.

आता पावडर. रेड स्लाइम रिमूव्हरच्या नावाने मिळते ती. हिच्याबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर ती चालते. मोजून टाकली, स्किमरचा (फेसाबरोबर पाण्यातली घाण वर काढणारं यंत्र) कप काढला, पाणी गाळणारा कार्बन बाहेर, यूव्ही दिवा बंद, दोन एअर स्टोन आत. अठ्ठेचाळीस तासांनी वाळूवर एक डाग नव्हता. तो आनंद मी नाकारत नाही. त्या दिवशी पाच-सहा जणांना फोटो पाठवले होते. मोजताना एवढंच पाहा की हिशोब काचेच्या मापावर न करता खडक आणि वाळू वजा करून उरलेल्या पाण्यावर करा. बायोफिल्टरचं, म्हणजे अमोनिया पचवणाऱ्या उपयोगी जीवाणूंचं, काय होईल ही भीती मलाही होती, शेवटी सायनो हेही जीवाणूच. पण आठवडाभर रोज अमोनिया पाहिला, काही चढला नाही. माझ्याकडे नाही चढला, एवढंच म्हणतो.

मग माझं मन उडालं कुठे? स्किमरवर.

पाकिटावर एक साधं वाक्य असतं: उपचारानंतर वीस टक्के पाणी बदला, स्किमर काही दिवस जास्त फेस करू शकतो. 'जास्त फेस' म्हणजे काय हे ज्याने पाहिलं नाही त्याला ते वाक्य निरुपद्रवी वाटतं. दूध उतू जातं तसा फेस येतो. फरक एवढाच की दुधाखालचा गॅस बंद करता येतो. हवेचा व्हॉल्व्ह दाबून पाहिला, संपमधली पाण्याची पातळी कमी-जास्त करून पाहिली, पुन्हा पाणी बदललं, कार्बन टाकला. कप दोन तासांत भरायचा. स्किमर पूर्ण बंद ठेवावा तर मेलेल्या शेवाळाची घाण पाण्यात राहते आणि ऑक्सिजनही कमी पडतो, म्हणजे ज्या आठवड्यात स्किमरची सगळ्यात जास्त गरज, त्याच आठवड्यात तो चालवता येत नाही. ऑफिसला जाताना बंद, आल्यावर चालू, जेवताना एक डोळा कॅबिनेटकडे. असे नऊ दिवस.

सहाव्या रात्री मला झोप लागली आणि बंद करायचा राहिला. तीनच्या सुमाराला जाग आली. टँकच्या घरघरीची सवय झालेल्या माणसाला शांततेने जाग येते. फेस कपावरून कॅबिनेटमध्ये, कॅबिनेटमधून एक्स्टेंशन बोर्डवर, आणि एमसीबी पडलेला. संपमधलं पाणी वर चढवणारा रिटर्न पंप बंद, टँकमधला प्रवाह ठेवणारा वेव्हमेकर बंद, दोन्ही एअर पंप बंद, सगळे एकाच बोर्डवर. टॉर्च मारला तर दोन्ही क्लाउन पृष्ठभागाला तोंड लावून होते. बोर्ड बदलून, नाइलाजाने हॉलभर वायरी ओढून सगळं चालू करायला चाळीस मिनिटं लागली. कोणी मेलं नाही. ग्रामा मात्र दोन दिवस गुहेतून बाहेर आला नाही. कॅबिनेटचा 'मरीन' म्हणून घेतलेला प्लाय खालून फुगला, दार आजही पूर्ण लागत नाही. ज्याने मरीन म्हणून दिला त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा खरं समुद्राचं पाणी नसावं.

यात पावडरीचा दोष किती आणि माझ्या वायरिंगचा किती, हा वाद घालता येईल. बोर्ड जमिनीवर ठेवणं ही माझीच चूक. आता तो भिंतीवर, वायरींना खाली झोळ देऊन. ज्यांच्या स्किमरच्या कपाला नळी लावून बाहेरच्या कॅनमध्ये फेस सोडता येतो, त्यांना हे नऊ दिवस कदाचित जाणवणारही नाहीत. माझ्या स्किमरला ती सोय नाही. आणि चार महिन्यांनी डाव्या मागच्या कोपऱ्यात पुन्हा तोच रुपयाएवढा ठिपका दिसला. पावडरने सायनो मारली होती, कोपरा तसाच होता.

कोणी मेडिकलमधून एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या आणून टाका असं सुचवलं तर माझ्याकडून नाही. अँटिबायोटिक पुन्हा पुन्हा वापरलं की त्याला दाद न देणारे जीवाणू मागे राहतात, आणि ते पाणी शेवटी आपल्याच मोरीत जातं.

तर नळी. रविवार आणि बुधवार, दुपारी तीनच्या पुढे. वेळ महत्त्वाची आहे, कारण उजेडात साय जाड होते, बुडबुड्यांनी उचलली जाते आणि अख्खी पापुद्र्यासारखी निघते. सकाळी तीच वाळूत मुरलेली असते, तेव्हा ओढाल तर निम्मी वाळू बादलीत. मी बुधवारसाठी दिव्यांचं टायमर पुढे सरकवलं, ऑफिसहून आल्यावर साडेसातला टँक 'दुपारी' असतो.

नळी ओढायचा कंटाळा मला आधी यायचा तो पाण्यामुळे. वीस लिटर बाहेर काढलं की वीस लिटर नवं मिसळा, म्हणजे सातशे-साडेसातशे ग्रॅम मीठ, आठवड्यातून दोनदा. हे कोणाला परवडतं? मग एका जुन्या खेळाडूने सांगितलं की नळीचं दुसरं टोक संपमधल्या फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे गाळायच्या पिशवीत, सोड. साय सॉकमध्ये अडकते, पाणी संपमधून परत वर. मीठ लागत नाही, घाई नाही, अर्धा तास शांतपणे ओढत बसता येतं. फक्त सॉक लगेच काढून धुवायचा. रात्रभर आत राहिला तर जे काढलं ते विरघळून पुन्हा पाण्यात.

नळीचा खरा फायदा मात्र मला नंतर कळला. आठवड्यातून दोनदा नाक काचेला लावून बसलं की शेवाळ नेमकं कुठून सुरू होतं ते दिसतं. माझ्याकडे दर वेळी डावा मागचा कोपरा. फ्लेक्सचा, म्हणजे माशांच्या खाण्याचा, चुरा सोडून पाहिला तर तिथे तो नुसता गरगर फिरून खाली बसत होता. वेव्हमेकर उजवीकडून मागच्या काचेवर हलवला, खालचा एक खडक दोन इंच पुढे घेतला. दोन आठवड्यांत कोपरा साफ.

मग मोजमाप. फॉस्फेट ०.२, नायट्रेट जवळपास शून्य. नायट्रेट खाणारे जीवाणू वाढावेत म्हणून मी कित्येक महिने इमानेइतबारे व्हिनेगरचा डोस देत होतो आणि नायट्रेट शून्य म्हणून खूश होतो. सायनोच्या बऱ्याच जाती विरघळलेल्या नायट्रोजन वायूवर आपलं भागवून घेतात, त्यांना नायट्रेट नसलं तरी चालतं. म्हणजे मी उपाशी मारत होतो ते तिच्या स्पर्धकांना. व्हिनेगर बंद केलं. पृथ्वीच्या हवेत सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजन भरला तो याच कुळाने. तिला उपासमारीने हरवायला निघालेला मी!

फॉस्फेट येत होता दोन वाटांनी. एक, टँकसाठी पाणी शुद्ध करणारा आरओ. आमच्याकडे घोडबंदर रोडला उन्हाळ्यात टँकरचं पाणी. आरओनंतर उरलेले क्षार पकडणारं डीआय रेझिन संपलं होतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्याच्या जागी १४ दाखवत होता आणि मी सहा महिने तो पाहिलाच नव्हता. दुसरी वाट म्हणजे आई. 'बिचारी उपाशी आहेत, मला बघून पुढे येतात' म्हणून दिवसातून तीनदा चिमूटभर. ती चिमूट म्हणजे तिखटमिठाची चिमूट. आईला नको म्हणणं शक्य नव्हतं, म्हणून औषधांची सात खणांची डबी आणली आणि रविवारी आठवड्याचं खाणं मोजून भरायला लागलो. तिच्या गोळ्यांची डबीही तशीच, म्हणून या डबीवर मार्करने मोठं 'मासे' लिहिलंय. गंमत म्हणजे त्या फ्लेक्समध्ये स्पिरुलिना आहे, म्हणजे तीही सायनोच. आम्ही एक विकत आणून घालत होतो आणि दुसरी ओढून काढत होतो.

वेळ किती लागला? सात आठवडे. तिसऱ्या आठवड्यात आधीपेक्षा वाईट दिसत होतं आणि उरलेलं पाकीट मी दोनदा ड्रॉवरमधून काढून पुन्हा आत ठेवलं. सातव्या आठवड्याच्या शेवटी फॉस्फेट ०.०८, नायट्रेट ५ आणि वाळू संध्याकाळीही पांढरी. मधे जीवाणूंच्या दोन बाटल्याही ओतल्या होत्या. त्यांनी फरक पडला असेलही, पण त्याच आठवड्यात वेव्हमेकर हलवला होता, त्यामुळे श्रेय कोणाला द्यावं हे ठरवता येत नाही.

याला आता वर्ष होऊन गेलं. मे महिन्यात टँकर सुरू झाले की कोपऱ्यात एखादा ठिपका येतो, तो एका रविवारी निघतो.

पावडर कधीच घेऊ नका असं मात्र मी म्हणणार नाही. साय झोआंवर चढून ते मिटायला लागले असतील, किंवा तुम्ही पंधरा दिवसांनी गावाला जाणार असाल आणि टँक शेजाऱ्यांच्या भरवशावर असेल, तर सात आठवडे थांबा असं सांगायला मला तोंड नाही. तेव्हा घ्या, मात्र शुक्रवारी संध्याकाळी टाका, बोर्ड आधी भिंतीवर चढवा, आणि एक एअर पंप बॅटरीवर चालणारा असू द्या. मीही ते पाकीट फेकलेलं नाही. न लागणाऱ्या दाराच्या कॅबिनेटमध्येच आहे.

नळी घ्याल तर आतून सहा मिलिमीटरची घ्या. चारची एअर लाइन पहिल्याच पापुद्र्याला तुंबते आणि बाराची वाळू ओढते. टोकाला जुना टूथब्रश रबरबँडने बांधा, दांडा थोडा कापून. खडकाच्या फटीत तो बरोबर जातो.