पुणे विमानतळ ते साताऱ्यातील हॉटेल: एकट्या प्रवाशाच्या नजरेतून मेट्रो, एसटी आणि टॅक्सी

सातारा शहराला प्रवासी विमानतळ नाही. कऱ्हाडला धावपट्टी असली तरी तेथे नियमित प्रवासी विमाने उतरत नाहीत, त्यामुळे विमानाने साताऱ्याला येणाऱ्याला पुण्याचे लोहगाव किंवा कोल्हापूरचे उजळाईवाडी यांतून एक विमानतळ निवडावा लागतो. दोन्हीकडून रस्त्याचे अंतर ढोबळमानाने सव्वाशे किलोमीटर भरते, परंतु पुण्याला येणारी विमाने कितीतरी अधिक असल्याने बहुतेकांचा मार्ग लोहगावहूनच जातो. माझे माहेर साताऱ्याचे असले तरी तेथे आता घर राहिलेले नाही, म्हणून कामानिमित्त आले की मुक्काम हॉटेलात असतो आणि प्रवास बहुधा एकटीचा. या अनुभवावरून माझे मत स्पष्ट आहे: दिवसाउजेडी पुण्यात उतरणाऱ्या एकट्या प्रवाशाने, टॅक्सी परवडत असली तरीही, मेट्रोने स्वारगेट गाठावे आणि तेथून विनाथांबा एसटीने साताऱ्याला यावे. रात्री उतरणाऱ्यासाठी मात्र हा सल्ला नाही, आणि त्याविषयी पुढे वेगळे लिहिले आहे.

लोहगावचे नवे टर्मिनल जुलै २०२४ पासून वापरात आहे. ते प्रशस्त आहे आणि सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत कोठे अडायला होत नाही. ॲपवरून मागवलेली टॅक्सी मात्र दारात येत नाही. तिच्यासाठी समोरच्या एरोमॉल या बहुमजली वाहनतळात जावे लागते, हे पहिल्यांदा येणाऱ्याला ठाऊक नसते. ती गाडी शोधत घुटमळणाऱ्या एकट्या माणसाला ‘कुठं जायचंय?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यापैकी सगळेच लबाड असतात असे नव्हे, पण ज्या गाडीची नोंद कोठेच नाही तिच्यात बसून सव्वाशे किलोमीटर जाणे मला कधीच शहाणपणाचे वाटलेले नाही.

मेट्रोचे सर्वांत जवळचे स्थानक रामवाडी हे आहे. वनाज मार्गिका मार्च २०२४ मध्ये तेथपर्यंत पोहोचली आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला. साताऱ्याला जाणाऱ्यांच्या दृष्टीने हा मोठा बदल आहे, कारण पूर्वी विमानतळावरून स्वारगेटला पोहोचण्यातच सगळी शक्ती खर्च होत असे आणि संध्याकाळच्या गर्दीत किती वेळ लागेल याचा अंदाज रिक्षावाल्यालाही बांधता येत नसे. आता विमानतळावरून पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर सेवेच्या, बसने किंवा रिक्षाने रामवाडीला यावे, तेथून जिल्हा न्यायालय स्थानकापर्यंत जावे आणि गाडी बदलून स्वारगेटला उतरावे. जिल्हा न्यायालयाला वरच्या मार्गिकेवरून भुयारी मार्गिकेवर उतरायचे असते. हे भुयारी स्थानक जमिनीखाली तेहतीस मीटर खोल आहे, त्यामुळे सरकत्या जिन्यांची रांगच लागते. जड बॅग असेल तर लिफ्ट शोधण्यात दोन मिनिटे गेली तरी चालतील, परंतु सामान सांभाळत जिन्यांवरून जाऊ नये. डब्यात प्रकाश आहे, गर्दी आहे, कॅमेरे आहेत, आणि एकट्या प्रवाशाला कोणाशीही भाड्याची घासाघीस करावी लागत नाही.

स्वारगेट बसस्थानकाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे फलटणला, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, निघालेल्या एका तरुणीला तिची गाडी दुसरीकडे लागली आहे असे सांगून आवारात उभ्या असलेल्या बसमध्ये नेण्यात आले आणि तेथे तिच्यावर अत्याचार झाल्याची तक्रार नोंदवली गेली. या घटनेने सगळे राज्य हादरले. त्यानंतर अनेक घरांतून मुलींना एसटीने येऊच नको असे सांगितले जाऊ लागले. ती भीती मी समजू शकते, पण मुलींनी एसटी सोडून देणे हा त्यावरचा उपाय आहे असे मला वाटत नाही. त्या घटनेवरून एक साधा नियम मात्र प्रत्येकाने पाळावा: गाडी कोठे लागली आहे हे फक्त वाहतूक नियंत्रकाच्या कक्षात किंवा चौकशी खिडकीवर विचारावे, आणि जी गाडी फलाटावर लागलेली नाही, जिच्यात दिवे आणि इतर प्रवासी नाहीत, तिच्याकडे कोणीही बोलावले तरी जाऊ नये. पहाटेच्या अंधारात पोहोचणार असाल तर विमानतळावरच उजाडेपर्यंत थांबावे. तेथे बसायला जागा आणि सुरक्षा दोन्ही आहेत.

दिवसा मात्र स्वारगेटची सातारा विनाथांबा सेवा हा या प्रवासाचा सर्वांत चांगला भाग आहे. रांग शिस्तीने पुढे सरकते, तिकीट गाडी सुटण्यापूर्वी हातात पडते आणि एक गाडी भरली की पुढची फार वेळ लावत नाही. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सर्व गाड्यांत निम्मे भाडे आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासूनच मोफत प्रवास आहे; ओळखपत्र तेवढे जवळ ठेवावे. गाडीत आजूबाजूला सातारा, कोरेगाव, कराड याच बाजूची माणसे असतात. कोणी कॉलेजची सुटी म्हणून निघालेले, कोणी पुण्याच्या दवाखान्यातून परतणारे. शेजारी बसलेल्या मावशींना ‘राजवाड्याकडे रिक्षा किती घेतात?’ असे विचारले की नेमके उत्तर मिळते, शिवाय ‘पोवई नाक्यावर उतरू नको, पुढं जा’ असा न मागितलेला सल्लाही मिळतो आणि तो बहुधा बरोबर असतो. सुरक्षितता नावाची जी गोष्ट आपण ॲपमध्ये शोधतो ती मला या ओळखीच्या बोलीत अधिक सापडते.

या सेवेतील उणिवाही सांगायला हव्यात. साध्या गाडीत मोठ्या बॅगेला नीट जागा नसते. ती मधल्या वाटेत ठेवावी लागते आणि प्रत्येक उतरणाऱ्याचा पाय तिला लागतो. विनाथांबा असल्याने स्वच्छतागृहाची सोय स्वारगेटलाच पाहून घ्यावी लागते, आणि तेथील स्वच्छतेबद्दल समाधानाने लिहावे अशी स्थिती नाही. शनिवारी सकाळी महाबळेश्वरला निघालेल्या मोटारींमुळे खंबाटकी घाटात गाड्या मुंगीच्या पावलाने चढतात, आणि एरवी अडीच तासांत होणारा प्रवास त्या दिवशी किती लांबेल हे चालकही सांगू शकत नाही. सुरूरला वाई-महाबळेश्वरची वाहतूक महामार्ग सोडते, तेव्हा कोठे रस्ता मोकळा होतो.

टॅक्सीचा विचार तिघे-चौघे असतील तर जरूर करावा. एकट्यावर मात्र सगळे भाडे पडते, शिवाय खेड शिवापूर आणि आनेवाडी या दोन नाक्यांचा टोल आणि काही ठिकाणी चालकाचा भत्ता वेगळा लावला जातो, म्हणून ठरलेल्या रकमेत काय धरले आहे हे गाडीत बसण्याआधी विचारावे. पैशांपेक्षा मला खटकलेली गोष्ट दुसरी आहे. एका प्रवासात कात्रज ओलांडताच चालकाने ॲपवरील फेरी रद्द करून रोख पैसे देण्याचा आग्रह सुरू केला, तो पुढे बराच वेळ चालला, आणि मी नकार दिल्यावर उरलेला रस्ता अवघडलेल्या शांततेत गेला. फेरी रद्द केली की आपण कोणत्या गाडीत आहोत याची नोंद संपते, घरच्यांना पाठवलेली लिंक बंद पडते आणि ॲपमधील आपत्कालीन बटणालाही अर्थ राहत नाही. त्यामुळे असा आग्रह झाला तर सौम्यपणे पण ठामपणे नाही म्हणावे, आणि गरज वाटल्यास ११२ वर फोन करावा. रात्री आठनंतर पुण्यात उतरणाऱ्याने एक तर पुण्यातच मुक्काम करावा, किंवा साताऱ्यातील हॉटेललाच त्यांच्या ओळखीची गाडी पाठवायला सांगावे. दुसरा पर्याय महाग पडतो, पण त्या गाडीची जबाबदारी घेणारे कोणीतरी पलीकडे असते, आणि रात्रीच्या प्रवासात त्या जबाबदारीचेच पैसे आपण मोजतो.

साताऱ्यात कोठे उतरवले जाणार, हा प्रश्न तिकीट काढतानाच विचारायला हवा. कोल्हापूर, गोवा किंवा बेंगळुरूकडे जाणाऱ्या खासगी गाड्या बहुधा शहरात शिरत नाहीत. त्या वाढे फाट्याला किंवा बॉम्बे रेस्टॉरंट चौकात महामार्गावरच उतरवतात. दिवसा तेथून रिक्षा मिळते, रात्री उशिरा मात्र उड्डाणपुलाजवळ सामानासह एकट्याने उभे राहण्यासारखी ती जागा नाही. विनाथांबा एसटी थेट मध्यवर्ती बसस्थानकात येते, तेथे रिक्षांचा थांबा आहे आणि पोवई नाका व राधिका रस्त्यावरील हॉटेले अगदी जवळ आहेत. रेल्वेचा पर्याय मी याच कारणाने बाजूला ठेवला आहे, कारण सातारा रेल्वे स्थानक शहराबाहेर माहुलीकडे आहे आणि तेथून शहरात येण्यासाठी पुन्हा वाहन शोधावे लागते. रिक्षाचे भाडे बसण्यापूर्वी ठरवावे आणि केवळ हॉटेलचे नाव न सांगता जवळची खूण सांगावी. राजवाडा, मोती चौक, पोवई नाका एवढे म्हटले तरी पुरते.

हॉटेल निवडताना एकट्या स्त्रीने आधी फोन करून पाहावा. एका ठिकाणी नोंदणी आणि पैसे झालेले असतानाही ‘बरोबर कोण आहे? कशासाठी आलात?’ असे प्रश्न मला लोकांसमोर विचारण्यात आले. ओळखपत्र मागणे हा हॉटेलचा अधिकार आहे, हे प्रश्न त्यात बसत नाहीत. फोनवर सभ्यपणे बोलणारा, येण्याची वेळ विचारून लिहून घेणारा स्वागतकक्ष प्रत्यक्षातही बहुधा तसाच निघतो. कासच्या पठारावर फुले पाहण्यासाठी येणाऱ्यांना यवतेश्वरच्या बाजूची हॉटेले मोहात पाडतात, परंतु तेथे पोहोचायला अंधारात घाट चढावा लागतो आणि शहरातील रिक्षा रात्री तिकडे यायला राजी नसते. पहिला मुक्काम शहरातच करावा आणि सकाळी वर जावे. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत शनिवार-रविवारी ऐनवेळी खोली मिळेल असे धरून चालू नये.

परतीच्या प्रवासात घाट चढावा लागत नाही, साताऱ्याहून पुण्याकडे जाणारी वाहतूक खंबाटकीच्या बोगद्यातून जाते. तरीही रविवारी संध्याकाळचे विमान असेल तर उड्डाणाच्या किमान सहा तास आधी साताऱ्याचे बसस्थानक सोडावे, कारण पुण्यात शिरताना कात्रजपासून स्वारगेटपर्यंत लागणारा वेळ कोणत्याही वेळापत्रकात लिहिलेला नसतो. इतर दिवशी पाच तास पुरतात.